शिरोरेघ कुठे तुटते?

१९९६ साली आपण दहावी होऊन शाळेबाहेर पडलो तेव्हा गावातली जवळजवळ प्रत्येक पाटी ब्रशने रंगवलेली होती. किराणा दुकान, दवाखाना, पतसंस्था, एसटी स्टँडवरचे वेळापत्रक, आपल्या शाळेच्या भिंतीवरच्या म्हणी, सगळे हाताचे काम. आज त्याच बाजारपेठेतून चालत गेलात तर नजरेला फक्त फ्लेक्स पडतात. रंग भडक, फोटो मोठे, आणि सकाळी सांगितलेला बोर्ड संध्याकाळी टांगलेला. सोय झाली यात शंका नाही. पण जरा थांबून मराठी अक्षरे पाहा. शिरोरेघ मध्येच तुटलेली असते, जोडाक्षरांचे पाय मोडलेले असतात, आणि 'दुसऱ्या मजल्यावर' असे लिहायचे तिथे 'दुसर्या मजल्यावर' असे सरळ छापलेले असते.

याचा दोष आपण साधारणपणे दोघांपैकी एकाला देतो. एक छपाईचे मशीन, दुसरा दुकानात संगणकावर बसलेला मुलगा. मला हे पटत नाही. यातल्या बऱ्याच चुका मशीनच्या नसतात आणि त्या मुलाच्या शुद्धलेखनाच्याही नसतात. पाटी कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये आणि कशी तयार केली, या निवडीतून त्या येतात. त्या निवडीमागे चाळीस वर्षांचा इतिहास आहे, तो सांगण्यासाठी हा लेख.

माझा व्यवसाय छपाईचा नाही. मी सॉफ्टवेअर लिहिते, आणि माणसाने टाइप केलेला शब्द संगणकात नीट राहावा, नीट दिसावा, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. छपाईची बाजू मला आपल्या वर्गातल्याच एका मित्राने दाखवली. तो गेली अठरा वर्षे फ्लेक्सचे दुकान चालवतो. त्याच्याकडे दोन दिवस बसून मी त्याच्या जुन्या फाइली उघडून पाहिल्या. मशीनकडे बोट दाखवत तो म्हणाला, "अगं, हे बिचारं फाइलमध्ये असेल तेच छापतं. जे बिघडायचं ते आधीच बिघडलेलं असतं."

एका डोक्यातली तीन कामे

पेंटर पाटी कशी लिहीत असे ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. आधी खडूच्या दोन रेघा, मग अक्षरांचे कच्चे आकार, मग एनॅमल रंग, आणि शेवटी एका ओढीत शिरोरेघ. पेंटर एकाच वेळी तीन कामे करत होता. शब्द काय आहे हे त्याला ठाऊक होते. त्या शब्दाचा आकार तो जागेप्रमाणे ठरवत होता. आणि रंग तोच लावत होता. पाटी अरुंद असेल तर अक्षरे उभट करायची, जोडाक्षर मोठे असेल तर शेजारचे अक्षर सरकवायचे, हे तो मोजपट्टी न लावता करी. या कौशल्याचे उंच शिखर म्हणजे कमल शेडगे. नाटकांच्या जाहिरातींसाठी त्यांनी काढलेली अक्षरे पाहून नाटकाचा स्वभाव कळत असे. आपल्या गावचा पेंटर त्या उंचीचा नव्हता, पण 'वऱ्हाड' लिहिताना र अर्धा कसा काढायचा याबद्दल त्याच्या मनात गोंधळ नव्हता.

संगणक आला आणि ही तीन कामे वेगळी झाली. शब्द एका ठिकाणी, आकार दुसऱ्या ठिकाणी, रंगाचे ठिपके तिसऱ्या ठिकाणी. शब्दाचा आकार झाला की संगणकाला शब्द आठवत नाही. आकाराचे ठिपके झाले की आकार आठवत नाही. दोन्ही पायऱ्या उतरता येतात, पुन्हा चढता येत नाहीत. पाटीचा दर्जा ठरतो तो या दोन पायऱ्या कधी आणि कुठे उतरल्या यावर. पुढची सगळी हकीकत या एका गोष्टीची आहे.

ठिपके की वळणे

१९८४ साली अॅडोबी कंपनीने पोस्टस्क्रिप्ट नावाची भाषा आणली. पानावरचे अक्षर ठिपक्यांनी न सांगता रेषा आणि वळणांच्या गणिताने सांगायचे, ही तिची कल्पना. हे गणित फ्रान्समधल्या रेनो मोटार कंपनीतले अभियंते पिएर बेझिए यांच्या नावाने ओळखले जाते. मोटारीच्या पत्र्याची वळणे आखण्यासाठी त्यांनी ते वापरले होते. वळणाचे काही बिंदू साठवले की अक्षर बोटाएवढे छापा किंवा इमारतीएवढे, कडा तितकीच स्वच्छ राहते. १९८७ मध्ये अॅडोबीचे इलस्ट्रेटर आले, आणि जानेवारी १९८९ मध्ये कॅनडातल्या ओटावा शहरातल्या कोरल कंपनीचे कोरलड्रॉ. दोन्ही वळणांवर चालणारी. १९९० मध्ये आलेले फोटोशॉप मात्र ठिपक्यांचे. ते फोटोंसाठीच केलेले होते आणि त्या कामात आजही त्याला तोड नाही.

आपल्याकडे 'डीटीपी'चा कोर्स म्हणजे पेजमेकर, कोरल आणि फोटोशॉप हे त्रिकूट. पुस्तक पेजमेकरमध्ये, पाटी कोरलमध्ये, फोटो फोटोशॉपमध्ये. पाट्यांच्या धंद्यात कोरल रुजले याला एक साधे कारण होते. त्यात पान १५० फुटांपर्यंत मोठे घेता येते. इलस्ट्रेटरचे पान कितीतरी वर्षे २२७ इंचांवर, म्हणजे १९ फुटांच्या आतच, अडकलेले होते. त्यात ४० फुटी होर्डिंग करायचे तर सगळे दहा पट लहान आखावे लागे. कोरलमध्ये ४० फूट म्हणजे ४० फूट. फुटाच्या भावाने विकणाऱ्या माणसाला ही सोय मोलाची होती.

मग फोटोशॉपमध्ये पाट्या कशाला होऊ लागल्या? कारण फोटो वाढले. वाढदिवस, निवडणूक, स्नेहसंमेलन, सगळीकडे चेहरे आले. चेहरे फोटोशॉपमध्ये कापायचेच असतात, तर नावेही तिथेच टाकून मोकळे होऊ, असा विचार साहजिकच होता. इथे पहिला घोटाळा होतो. फोटोशॉपमधून बाहेर पडलेल्या साध्या चित्रात अक्षरे ठिपक्यांची झालेली असतात. १० फूट बाय ८ फूट फ्लेक्स इंचाला ७२ ठिपक्यांनी करायचा तर ८६४० गुणिले ६९१२, म्हणजे सुमारे सहा कोटी ठिपके लागतात. चार रंगांच्या हिशेबाने फाइल २४० मेगाबाइटच्या आसपास जाते. पुस्तकासारखे इंचाला ३०० ठिपके धरले तर तीच फाइल चार गिगाबाइटच्या वर. २००५ च्या आसपासच्या संगणकाला हे झेपणारे नव्हते. म्हणून मुले लहान आकारात डिझाइन करत आणि छापताना ताणत.

लांबून पाहण्याच्या फोटोला हे चालते. माणसाच्या डोळ्याला दहा मीटरवरून साधारण तीन मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दिसत नाही. चौकातल्या फ्लेक्सवरचा चेहरा कमी ठिपक्यांतही ठीक दिसतो तो यामुळे. पण अक्षराला कडा असते, आणि आपण पाटीजवळ गेलो की वाचतो ते अक्षरच. मोबाइलवरून आलेले १६०० ठिपके रुंदीचे चित्र दहा फुटांवर ताणले तर एकेक ठिपका जवळजवळ दोन मिलिमीटरचा होतो. शिवाय जेपेग पद्धत चित्र दाबताना आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करते. तो प्रत्येक चौकोन फ्लेक्सवर दीड सेंटिमीटरचा होतो आणि अक्षराभोवती मळकट डाग दिसू लागतात. मशीन इंचाला ७२० ठिपके मारत असले तरी ते हेच डाग अतिशय काळजीपूर्वक छापते.

म्हणून जुन्या हातांचा नियम असा: फोटो फोटोशॉपमध्ये तयार करा, तो कोरलमध्ये आणा, आणि अक्षरे कोरलमध्येच ठेवा. इंग्रजी पाटीपुरता हा नियम पुरेसा होता. मराठीची अडचण याच्या पुढे सुरू होते.

२५६ घरांत बसवलेली लिपी

१९९२ साली विंडोज ३.१ बरोबर ट्रूटाइप फाँट आले आणि घरगुती संगणकावर चांगली अक्षरे दिसू लागली. पण त्या फाँटमध्ये २५६ घरे असत. त्यातली पहिली ३२ संगणकाच्या कामासाठी राखीव. इंग्रजीला उरलेली घरे भरपूर होतात. मराठीत स्वर, व्यंजने, बाराखडीची चिन्हे आणि शेकडो जोडाक्षरे बसवायची कशी? आपल्या लोकांनी वाट काढली. अक्षराचे तुकडे केले. अर्धा क, काना, वेलांटी, रफार, प्रत्येक तुकडा इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या घरात नेऊन बसवला. टाइप करताना तुकडे शेजारीशेजारी येतात, थोडे एकमेकांवर चढतात, आणि डोळ्याला अखंड अक्षर दिसते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम, हिंदी टंकलेखनातला कृतिदेव, ही सगळी त्याच घराण्यातली. या फाँटांनी मराठी छपाईचा संसार वीस-पंचवीस वर्षे चालवला, त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. लग्नपत्रिकांपासून दैनिकांपर्यंत सगळे त्यांच्यावर उभे होते.

त्यातली गोम मात्र समजून घेतली पाहिजे. अशा फाइलमध्ये संगणकाच्या लेखी मराठी शब्द नसतोच. तिथे इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची एक निरर्थक माळ असते, फक्त तिच्यावर मराठी मुखवटा चढवलेला असतो. फाइल दुसऱ्या दुकानात गेली आणि तिथे तो फाँट नसला की मुखवटा गळून पडतो. शिवाय प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या घरांत ठेवलेले. त्यामुळे एकाची फाइल दुसऱ्याच्या फाँटमध्ये उघडली की वेगळीच अक्षरे.

शब्द आवाजाप्रमाणे साठवायचा आणि आकार नंतर ठरवायचा, हा योग्य विचार आपल्या देशात तेव्हा झालेला होता, हे मला मुद्दाम सांगायचे आहे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि नंतर १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट'चे काम याच विचाराचे होते. १९९१ साली 'इस्की' हे भारतीय मानक ठरले. त्यात 'क'चे घर ठरलेले होते, मग फाँट कुठलाही असो. युनिकोडमधली देवनागरी याच इस्कीच्या मांडणीवर उभी आहे. पण ओटावातल्या किंवा कॅलिफोर्नियातल्या सॉफ्टवेअरला इस्की ठाऊक नव्हती. पाट्यांचे दुकान कोरलवर चालत होते. कोरलला समजतील असे फाँट म्हणजे तुकड्यांचे फाँट. म्हणजे मराठी शब्दाचे काय होणार, हे परदेशातल्या एका चित्रकलेच्या सॉफ्टवेअरने ठरवले.

'कर्व्ह करून पाठव'

तुकड्यांच्या फाँटवर दुकानदारांनी शोधलेला उपाय म्हणजे 'कन्व्हर्ट टू कर्व्ह'. कोरलमध्ये कंट्रोल आणि क्यू दाबले की अक्षरांचे अक्षरपण जाते आणि नुसती वळणे उरतात. मग समोरच्याकडे फाँट असो वा नसो, अक्षरे जशीच्या तशी दिसतात. "कर्व्ह करून पाठव" हे वाक्य या धंद्यात नमस्कारासारखे आहे. पण पाठवताना मूळ फाइल वेगळी ठेवायची सवय फार थोड्यांना. पुढच्या वर्षी त्याच फाइलमध्ये तारीख बदलायची असते, एका नावातला ऱ्हस्व दीर्घ करायचा असतो, आणि समोर नुसती चित्रे असतात. मग कोणी 'ी' कुठून तरी उचलून आणतो आणि चिकटवतो. पाट्यांवर एकाच शब्दात दोन जाडीची अक्षरे दिसतात त्याचे मूळ इथे आहे.

शिरोरेघ तुटते तीही इथेच. इंग्रजी अक्षरे एकमेकांना चिकटत नाहीत. मराठीत प्रत्येक अक्षर आपला रेघेचा तुकडा घेऊन येते आणि तो शेजारच्या तुकड्यावर थोडा चढतो. भरीव रंगात हा चढ दिसत नाही. पण त्याच शब्दाला पांढरी किंवा लाल आउटलाइन दिली की प्रत्येक तुकड्याला वेगळी किनार मिळते आणि शिरोरेघेवर ठिकठिकाणी उभ्या चिरा उमटतात. कर्व्ह केलेल्या अक्षरांना कोणी 'कंबाइन' केले तर वळणे एकमेकांवर चढलेली जागा पोकळ होते आणि तिथून मागचा रंग डोकावतो. आपल्याला हवे असते ते 'वेल्ड', म्हणजे सगळे तुकडे वितळवून एकच आकार. किंवा आउटलाइन अक्षराच्या मागे टाकायची, तीही सोय कोरलमध्ये आहे. रेडियमच्या कामात हे आणखी स्पष्ट होते. कटिंग प्लॉटरची सुरी वळणामागून चालते. वेल्ड केले नसेल तर ती शिरोरेघ प्रत्येक सांध्यावर कापत जाते आणि गाडीच्या काचेवर लावलेल्या नावाचे महिनाभरात तुकडे सुटू लागतात.

हे सॉफ्टवेअर शिकवणारी पुस्तके इंग्रजी अक्षरे समोर ठेवून लिहिलेली. त्यांच्या लेखकांना शिरोरेघ हा प्रश्नच कधी पडला नव्हता. आपल्या मुलांनी ही युक्ती एकमेकांच्या खांद्यावरून पाहून शिकली. ज्यांना पाहायला मिळाली नाही त्यांच्या पाट्या चिरा पडलेल्या राहिल्या.

शाईचा हिशेब

रंगाबद्दल थोडक्यात सांगते, कारण दुकानातली सर्वाधिक भांडणे त्यावरून होतात. पडद्यावरचा रंग लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचा असतो. फ्लेक्सवरचा रंग निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईचा. प्रकाशाचे काही रंग शाईला गाठताच येत नाहीत. पडद्यावरचा गर्द निळा फ्लेक्सवर जांभळट होतो तो यामुळे. डिझाइन कुठल्या हिशेबात सुरू केले आणि शाईच्या हिशेबात ते कुठे बदलले, कोरलमध्ये, फोटोशॉपमध्ये की मशीनला जोडलेल्या 'रिप' सॉफ्टवेअरमध्ये, यावर निकाल बदलतो. दोन सॉफ्टवेअरमधल्या रंगाच्या मूळ मांडण्या वेगळ्या असतील तर एकाच बोधचिन्हाचे दोन रंग छापले जातात.

काळ्या अक्षरांत हा फरक हाताला लागतो. कोरलमध्ये अक्षराला फक्त काळी शाई देता येते. फोटोशॉपमध्ये प्रकाशाच्या हिशेबातला काळा शाईच्या हिशेबात नेला की तो चारही शायांचा होतो. मोठ्या काळ्या पट्ट्याला असे मिश्रण चांगलेच, नाहीतर तो करडा दिसतो. पण बोटाएवढ्या नावात चार शाया केसभर इकडेतिकडे झाल्या तरी अक्षराला रंगीत झालर येते. चौकातल्या होर्डिंगवर ती कोणाला दिसत नाही. भिंतीवर डोळ्यांसमोर टांगलेल्या यादीत दिसते.

युनिकोड आला, पण दुकानात उशिरा

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. देवनागरी तिच्यात होतीच. घरगुती संगणकावर ती आली विंडोज २००० बरोबर. त्यासोबतचा 'मंगल' हा फाँट मुंबईच्या र. कृ. जोशी यांनी केलेला. आयआयटी मुंबईत अक्षररचना शिकवणारे, कवी आणि सुलेखनकार असलेले जोशी सर आपल्या लिपीला संगणकात आणणाऱ्यांपैकी एक महत्त्वाचे नाव. ईमेल, वेबसाइट, पुढे मोबाइल, सगळे युनिकोडवर गेले.

पाट्यांची दुकाने मागे राहिली, आणि कारण पुन्हा सॉफ्टवेअरच. युनिकोडमध्ये 'कि' लिहिताना आधी क साठवला जातो आणि मग वेलांटी. दाखवताना वेलांटी क च्या आधी आणायची, जोडाक्षर जुळवायचे, रफार पुढच्या अक्षरावर चढवायचा, हे काम दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचे. कोरलने ते २०१२ च्या एक्स६ आवृत्तीत आणले. अॅडोबीच्या इनडिझाइनमध्येही भारतीय लिप्यांची नीट जुळणी त्याच वर्षीच्या सीएस६ मध्ये आली. त्याआधी या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड मराठी चिकटवले की हलन्त उघडे पडत आणि वेलांटी भलत्याच जागी उभी राहत असे. म्हणजे विंडोजला मराठी आल्यावर तब्बल बारा वर्षांनी ती डिझाइनच्या टेबलापर्यंत पोहोचली. आणि नवी आवृत्ती आली म्हणून कोणी लगेच विकत घेत नाही. आपल्या मित्राच्या दुकानात आजही एका संगणकावर जुने कोरल आहे, कारण त्याच्या जुन्या फाइली त्यातच नीट उघडतात.

परिणाम असा की गिऱ्हाइकाचा मजकूर व्हॉट्सअॅपवर येतो तो युनिकोडमध्ये, आणि दुकानात फाँट असतो तुकड्यांचा. मग मजकूर पाहून पुन्हा टाइप करायचा, किंवा एखाद्या कन्व्हर्टरमधून काढायचा. दोन्ही वाटांवर सर्वात जास्त मार खातो तो आपला अर्धा र. 'कऱ्हाड', 'वऱ्हाड', 'कुऱ्हाड', 'दुसऱ्या', 'साऱ्या' यातला तो आडव्या चंद्रकोरीसारखा र मराठीचा खास आहे, हिंदीला तो लागत नाही. युनिकोडमध्ये तो लिहिण्याच्या दोन पद्धती पडल्या. एकीत खाली टिंब असलेला ऱ वापरतात. दुसरीत साधा र, हलन्त आणि डोळ्याला न दिसणारे एक जोडचिन्ह. मधल्या एखाद्या सॉफ्टवेअरने ते न दिसणारे चिन्ह कचरा समजून काढून टाकले की 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो. टाइप करणाऱ्याने काहीही चुकीचे केलेले नसते.

पाकळीचा ल आणि देठाचा श यांचीही तीच कथा. मंगलसारख्या फाँटमध्ये हिंदी वळणाचे ल आणि श आले आणि पाट्यांवर तेच रूढ झाले. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठी वर्णमालेचे लेखन प्रमाणित केले. आता एकाच फाँटमध्ये दोन्ही रूपे ठेवून भाषेप्रमाणे निवडण्याची सोय झाली आहे. पण त्यासाठी डिझाइनच्या सॉफ्टवेअरला 'हा मजकूर मराठी आहे' असे सांगावे लागते. दुकानात ते सांगितले जात नाही, कारण अशी सोय आहे हे फारसे कोणी ऐकलेले नाही.

हे सगळे नुसत्या हौसेचे उरलेले नाही. २०२२ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, आणि मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान असू नयेत असेही ठरले. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यापाऱ्यांना दोन महिन्यांची मुदत दिली. त्या घाईत असंख्य पाट्या बदलल्या. कायद्याने अक्षराचा आकार पाहिला. अक्षर शुद्ध आणि अखंड आहे का, हे पाहण्याची जबाबदारी आपल्यावरच राहिली.

आपला फलक

आता हे सगळे स्मरणिकेत कशाला, ते सांगते. मेळाव्याच्या निधीतून शाळेच्या व्हरांड्यातला गुणवंत विद्यार्थ्यांचा फलक नव्याने करायचे ठरले आहे. जुना फलक लाकडी, काळ्यावर पांढऱ्या अक्षरांचा. त्यावरची जागा केव्हाच संपली. नवा डिजिटल छपाईचा होणार. एका ठिकाणाहून आलेला नमुना समितीसमोर ठेवला गेला. लांबून छान होता. जवळून पाहिले तर शिरोरेघांवर चिरा होत्या, आणि आपल्या शाळेतून तालुक्यात पहिल्या आलेल्या कऱ्हाडे आडनावाच्या मुलीचे आडनाव 'कर्हाडे' झाले होते. "कोण एवढं बघतंय?" असे बैठकीत कोणी तरी म्हणाले. ती बघणार आहे. तिची आई बघणार आहे. फलकावर नाव असते ते एवढ्याचसाठी.

त्यामुळे समितीला मी लेखी सुचवले आहे ते इथेही नोंदवते. नावांची यादी प्रथम युनिकोडमध्ये साध्या मजकुराच्या फाइलीत करावी आणि प्रत्येक तुकडीतल्या एकाने ती वाचून पाहावी. डिझाइन अशा सॉफ्टवेअरमध्ये व्हावे ज्यात युनिकोड मराठी नीट जुळते. कोरलची नवी आवृत्ती चालेल, इनडिझाइन चालेल, मोफत मिळणारे इंकस्केपही चालेल. फाँट युनिकोडचा घ्यावा. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त किंवा बालू हे फाँट पैसे न देता मिळतात. नावे फोटोशॉपमध्ये टाइप करू नयेत. छोट्या नावांना फक्त काळी शाई असावी. आउटलाइन द्यायचीच असेल तर आधी वेल्ड करावे. दुकानाला पाठवायची प्रत कर्व्ह केलेली असावी, पण मूळ फाइल, नावांची यादी आणि फाँट हे तिन्ही शाळेच्या कार्यालयात एका पेनड्राइव्हवर आणि शाळेच्या ईमेलवर जपून ठेवावेत. छपाईपूर्वी एका तुकड्याचा खऱ्या मापाचा नमुना काढून तो हातभर अंतरावरून वाचावा.

यातल्या कशालाही जास्तीचा पैसा लागत नाही. आपल्या मित्राने हे काम स्वतःच्या दुकानात करायचे कबूल केले आहे. जुन्या फलकावरची नावे उतरवून घेण्याचे काम मी घेतले आहे. १९६० च्या दशकातली काही अक्षरे पुसट झाली आहेत. ज्यांच्या घरी त्या काळच्या गुणपत्रिका किंवा बक्षिसांची पुस्तके असतील त्यांनी नाव कसे लिहिले आहे ते पाहून मला कळवावे. यादी ३० तारखेला बंद करायची आहे.